पलायनकथा, चित्रे आणि शाळकरी वाचक

‘पलायन’ हा शब्द मराठीत मानाचा नाही. रणांगणातून पळ काढणारा तो पळपुटा. वास्तवाकडे पाठ फिरविणारे वाङ्मय ते पलायनवादी. समीक्षेच्या परिभाषेतही या शब्दाला चिकटलेला हीनपणा कधी पुसला गेला नाही. तरीही मराठी मन ज्या प्रसंगांवर पिढ्यानुपिढ्या पोसले गेले आहे, त्यांतील काही प्रसंग शब्दशः पलायनाचेच आहेत. १७ ऑगस्ट १६६६ रोजी शिवाजी महाराज औरंगजेबाच्या पहाऱ्यातून निसटले. त्या घटनेस कोणीही पलायन म्हणत नाही, ती ‘आग्र्‍याहून सुटका’ होय. ८ जुलै १९१० रोजी मार्सेल्सच्या बंदरात सावरकर बोटीतून समुद्रात झेपावले. तीही पलायन म्हणून नव्हे, तर ‘उडी’ म्हणूनच ओळखली जाते. अशा प्रत्येक घटनेस भाषेने स्वतंत्र नाव दिले, यातच तिच्याविषयीचे लोकमत व्यक्त झाले आहे. भीतीने पळणे वेगळे आणि बंधन नाकारून निसटणे वेगळे, हा विवेक मराठी मूल शब्दकोशावाचून, गोष्ट ऐकता ऐकताच शिकत आले आहे.

युद्धकाळातील सत्य पलायनकथा, त्याही सचित्र, शाळकरी मुलांपुढे ठेवाव्यात की नाहीत आणि ठेवावयाच्या तर कशा, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो वाङ्मयविचाराचाही आहे. सत्य आणि कथा यांचा संबंध, शब्द आणि चित्र यांची वाटणी, नायक आणि शत्रू यांचे चित्रण हे समीक्षेचे जुने प्रश्न येथे पुन्हा उभे राहतात, आणि ते अशा वाचकापुढे उभे राहतात की ज्याला अजून संशय घेण्याची सवय लागलेली नाही.

या प्रश्नाचा विचार करावयास चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्ससारखी दुसरी जागा क्वचितच सापडेल. फाळणीत लाहोर गेले, पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून हे नगर वसले. सीमेपलीकडून जीव वाचवून आलेल्या लाखो माणसांची हकीकत त्याच्या पायाशी आहे. ल कॉर्ब्यूझिए याने सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय या तीन वास्तूंच्या दरम्यान जी मोकळी फरसबंद भूमी आखली, तीत फाळणीत बळी पडलेल्यांचे हुतात्मा स्मारक आहे आणि उघड्या हाताचे शिल्पही आहे. सुमारे २६ मीटर उंचीचा तो धातूचा हात वाऱ्याबरोबर फिरतो. कॉर्ब्यूझिए १९६५ साली निवर्तला. हात प्रत्यक्ष उभा राहिला तो १९८५ साली. विधानसभेचे प्रचंड दार त्याने स्वतः मीनाकारीच्या रंगीत चित्रांनी भरले आहे. सूर्याची गती, झाडे, प्राणी, नदी, माणूस असे सारे त्यावर आहे. शब्द मात्र एकही नाही. २०१६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या परिसरात सहलीस आलेली मुले त्या दारापुढे थबकतात, आणि पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की याची गोष्ट काय? चित्र डोळ्यांस धरून ठेवते, परंतु गोष्ट सांगावयास माणूस लागतो. सचित्र कथेच्या चर्चेचा हाच आरंभबिंदू होय.

भारतीय मुलांना सांगावयाच्या सत्य पलायनकथांमध्ये एका कथेचे स्थान वादातीत आहे, आणि तिचा नायक मराठी आहे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर हे १९६५ च्या युद्धात गोळी लागून जखमी झाले असताही विमान परत घेऊन आलेले वैमानिक. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई विमान पाकिस्तानच्या हद्दीत पाडले गेले आणि ते युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे डझनभर अधिकारी एकत्र ठेवलेले होते. युद्ध १६ डिसेंबर रोजी ढाक्यातील शरणागतीनंतर लौकरच संपले. परंतु कैद्यांच्या परतीचा प्रश्न वाटाघाटींत अडकून महिनोन्‌महिने लांबला. कैद झालोच तर निसटण्याचा प्रयत्न करीन, असे परुळकर युद्धापूर्वीच आपल्या वरिष्ठांस बोलून गेले होते. त्या बोलण्याला आता अर्थ आला.

मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोन तरुण वैमानिक त्यांचे सोबती. खोलीच्या भिंतीतील विटा हळूहळू सैल केल्या गेल्या. बाहेरच्या अंगाचा गिलावा शेवटपर्यंत तसाच ठेवला गेला. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र तयार झाले. जिनिव्हा करारानुसार कैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातून पैसे साठविले गेले. १२ आणि १३ ऑगस्ट १९७२ च्या दरम्यानच्या रात्री, वादळवाऱ्याचा फायदा घेऊन, तिघे बाहेर पडले. चित्रपटाचा रात्रीचा खेळ सुटला होता. त्या गर्दीत ते मिसळून गेले. तेथून बसने पेशावर, पुढे जमरूद आणि सकाळी लंडीकोतल. अफगाणिस्तानची सीमा आता अवघी चार-पाच मैलांवर होती.

आणि तेथे एका शब्दाने घात केला. नकाशावर सीमेजवळ लंडीखाना नावाचे रेल्वेस्थानक दिसत होते. तिघांनी लंडीखान्याला जाण्यासाठी वाहनाची चौकशी केली. खैबर रेल्वे १९२५ साली लंडीकोतलपर्यंत आणि १९२६ साली लंडीखान्यापर्यंत गेली होती, हे खरे. पण तो शेवटचा टप्पा १९३२ सालीच बंद पडला होता. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्थानकाचा पत्ता विचारणारे हे परके कोण, असा संशय तहसील कचेरीतील एका कारकुनास आला. त्या दिवसांत पश्चिम पाकिस्तानातील बंगाली लोक अफगाणिस्तानमार्गे निसटून जात होते. हे तिघे तसलेच असावेत, असा प्रथम तर्क झाला. आपण लाहोरचे पाकिस्तानी हवाई दलाचे कर्मचारी आहोत, ही बतावणी टिकेना. सरहद्दीच्या त्या मुलखात जिवावर बेतण्याचा प्रसंग ओढवला, तेव्हा परुळकरांनी रावळपिंडीस दूरध्वनी करू देण्याची मागणी केली आणि पाकिस्तानी हवाई दलाचे स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद यांना आपली खरी ओळख सांगितली. उस्मान हे छावणीच्या काळात कैद्यांशी सौजन्याने वागलेले अधिकारी. त्यांच्या शब्दामुळे तिघांच्या जिवास अपाय झाला नाही. तिघे पुन्हा कैदेत गेले आणि १ डिसेंबर १९७२ रोजी इतर वैमानिकांसह वाघा सीमेवरून मायदेशी परतले. ही हकीकत फेथ जॉन्स्टन यांनी २०१३ साली इंग्रजी ग्रंथाच्या रूपाने सविस्तर मांडली, आणि त्या छावणीतीलच एक कैदी धीरेंद्र जाफा यांनी २०१४ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात तेथील जीवनाचे चित्र रेखाटले.

बालवाङ्मयाच्या रूढ मापाने पाहिले तर ही कथा सदोष ठरेल. तिचा शेवट यशाचा नाही. नायक सीमा ओलांडत नाही. उलट स्वतःच्याच प्रश्नामुळे पकडला जातो. परंतु हा दोष नसून तिचे शैक्षणिक आणि वाङ्मयीन बळ आहे. मुलांसाठी रचलेल्या साहसकथांत बुद्धिमान नायकाची योजना फसत नाही, आणि म्हणून मूल योजनेकडे लक्ष न देता फलाकडे धावते. येथे फल हाती लागत नसल्यामुळे सारे लक्ष कृतीवर राहते: विटेवर, सुईवर, जमविलेल्या प्रत्येक नोटेवर. शिवाय चूक कशी होते हे ही कथा दाखविते. तिघांचे धैर्य कमी पडले नाही, बुद्धीही कमी पडली नाही. त्यांच्याजवळचे ज्ञान जुने होते. जुना नकाशा आणि बदललेले जग यांतील अंतर किती महाग पडू शकते, हे शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलास याहून अधिक स्पष्ट करणारे उदाहरण शोधून सापडणे कठीण.

आता चित्रांचा प्रश्न. लेसिंगने १७६६ साली ‘लाओकून’मध्ये शब्दकला आणि चित्रकला यांच्या मर्यादा सांगताना असा विचार मांडला होता, की चित्रकाराच्या हाती एकच क्षण असतो; म्हणून त्याने असा क्षण निवडावा, ज्यातून मागचे आणि पुढचे दोन्ही कल्पनेस दिसेल. परमोच्च क्षण चित्रित झाला, की कल्पनेस पुढे जावयास वाव उरत नाही. पलायनकथेच्या चित्रकारास हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. भिंत फोडून बाहेर उडी घेणारा वैमानिक हे सहज सुचणारे चित्र. पण ते दुबळे. बाहेरचा गिलावा शाबूत आहे आणि आतील विटा निघालेल्या आहेत, असा भिंतीचा उभा छेद काढला, तर त्या एका चित्रात कित्येक आठवड्यांचे श्रम, पहारेकऱ्याचे अज्ञान आणि उद्याची आशा ही तिन्ही एकवटतात. लंडीकोतलच्या बाजारात तीन माणसे एका अनोळखी माणसास पत्ता विचारीत आहेत, असे साधे चित्र घ्यावे. ज्या मुलाने लंडीखान्याचा इतिहास वाचला आहे, त्याच्या छातीत त्या शांत चित्राने धस्स होईल. पलायनकथेत नकाशा, छेदचित्र आणि वस्तूंची रेखाटने यांचे मोल धावत्या प्रसंगचित्रांहून अधिक आहे, ते याच कारणाने. ती चित्रे मुलास पाहावयास नव्हे, तर हिशेब करावयास लावतात.

याचे एक आदर्शवत उदाहरण युरोपातील आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील सागान येथील हवाई दलाच्या छावणीतून २४ मार्च १९४४ च्या रात्री भुयारातून ७६ कैदी बाहेर पडले. त्या छावणीतच असलेला ले केन्यन हा चित्रकार कैदी. त्याने भुयाराची रेखाटने प्रत्यक्ष तेथे असतानाच केली. पुढे पॉल ब्रिकहिल याने १९५० साली लिहिलेल्या पुस्तकास केन्यनचीच चित्रे लाभली. ती पाहताना अरुंद भुयार, लाकडी आधार आणि पालथा पडून सरकणारा माणूस यांत शौर्याचा आव कोठेही दिसत नाही. चित्र हे येथे अलंकार नाही, साक्ष आहे. सत्यकथेच्या चित्राने मानावयाचा धर्म हाच: जे ठाऊक आहे ते अचूक काढावे, जे ठाऊक नाही ते ठसठशीत काढून खरे म्हणून खपवू नये.

हा धर्म पाळणे किती अवघड, हे मराठी मुलांना सर्वाधिक परिचित असलेल्या प्रसंगावरून कळते. आग्र्‍याच्या सुटकेतील मिठाईचे पेटारे चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकामुळे महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाच्या डोळ्यांपुढे आहेत. पलंगावर शाल पांघरून पडलेला हिरोजी फर्जंदही आहे. परंतु महाराज पेटाऱ्यात बसून गेले की वेषांतर करून, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि प्रसंगाचे तपशील साधनागणिक बदलतात. शब्दाने कथा सांगणाऱ्यास ‘असे सांगतात’ एवढे म्हणून मोकळे होता येते. चित्रकारास ती सोय नाही. पेटारा एकदा रंगविला, की तो सत्य होऊन बसतो. म्हणून चित्राखालची ओळ आणि शिक्षकाचा शब्द यांवर जबाबदारी येते. ‘हे आपणास कशावरून कळले?’ हा प्रश्न चौथीतील मुलासही झेपतो. किंबहुना तो त्याला रहस्यकथेइतकाच गोड वाटतो. तो न विचारता पुढे गेल्यास चित्र इतिहासाची जागा घेते आणि पुढे मोठेपणी खऱ्या इतिहासाशी गाठ पडली, की मुलाचा दोहोंवरचाही विश्वास उडतो.

याहून नाजूक प्रश्न शत्रूच्या चित्रणाचा आहे. चित्रकथेचे तंत्र संक्षेपाचे आहे. थोड्या रेषांत माणूस ओळखू यावा लागतो, आणि त्यामुळे शत्रूस एक ठरावीक चेहरा देण्याचा मोह प्रबळ असतो. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’ने भारतीय मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना इतिहासाची गोडी लावली, हे तिचे श्रेय मोठे आहे, आणि पुढे तिने परमवीरचक्राच्या मानकऱ्यांच्या कथाही चित्रित केल्या. परंतु एकंदर चित्रकथेच्या प्रकारावर असा आक्षेप घेतला गेला आहे, की तीत सुष्ट आणि दुष्ट हे रंगावरून आणि चेहऱ्यावरून आधीच ठरलेले असतात. रावळपिंडीची कथा या साच्यात बसवावयाची झाली, तर उस्मान हमीद यांना एकतर वगळावे लागेल किंवा विद्रूप करावे लागेल. दोन्ही मार्ग असत्याचे. त्यांना कथेत त्यांच्या जागी उभे केले, तर मात्र मुलांपुढे एक अवघड सत्य येते: ज्याच्या ताब्यातून नायकाला सुटावयाचे आहे, त्याच्याच शब्दावर त्याचा जीव वाचतो. सत्यकथा कल्पितकथेहून श्रेष्ठ ठरते ती अशा ठिकाणी. कारण कल्पितकथेच्या लेखकास असे सुचले असते, तरी त्याने ते सोयीचे नाही म्हणून टाळले असते.

याच अंगाने आणखी एक गोष्ट मुलांस सांगितली पाहिजे. १९७१ च्या युद्धानंतर भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते, आणि त्यांच्यातही निसटणारे निघाले. १९७२ साली फतेहगडच्या छावणीतून भुयार खणून गेलेल्या पाकिस्तानी अधिकाऱ्यांत नादिर परवेझ हे होते. एका देशाची शौर्यकथा ही दुसऱ्या देशाच्या पहाऱ्यातील चूक असते. युद्धकैद्यांविषयीचा १९४९ चा जिनिव्हा करार हेच ओळखून चालतो: निसटताना पुन्हा पकडल्या गेलेल्या कैद्यास केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि तिची मुदत तीस दिवसांहून अधिक असू शकत नाही. निसटण्याची इच्छा हा गुन्हा नव्हे, हे राष्ट्रांनी मिळून मान्य केलेले तत्त्व आहे. वरच्या इयत्तांतील मुलांना नागरिकशास्त्राच्या कोरड्या पाठापेक्षा हे कलम या कथेच्या संगतीने कितीतरी सुलभ होईल.

मात्र कराराचे कलम असणे आणि ते पाळले जाणे यांत अंतर आहे. सागानच्या ७६ जणांपैकी केवळ तिघे सुरक्षित पोहोचले. ७३ जण पुन्हा पकडले गेले आणि त्यांपैकी ५० जणांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले. मुलांना हे सांगावे का? लहान इयत्तांत तपशिलाने नव्हे. परंतु दहा-बारा वर्षांपुढील मुलांपासून ते लपविणे म्हणजे त्यांना अर्धी कथा विकणे होय. भुयाराची गंमत द्यावयाची आणि त्याची किंमत झाकावयाची, अशी कथा खरोखरीच पलायनवादी ठरते. मृत्यूचे चित्र काढण्याची गरज नाही. पन्नास नावांची एक साधी यादी पुरे.

आणि भारताची स्वतःची यादी तर अजून मिटलेली नाही. १९७१ च्या युद्धानंतर बेपत्ता राहिलेले ५४ भारतीय सैनिक व अधिकारी पाकिस्तानच्या कैदेत होते, अशी भारताची धारणा आहे. पाकिस्तानने ती सातत्याने नाकारली आहे. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे हे आणखी एक मराठी वैमानिक आहेत. ५ डिसेंबर १९७१ रोजी ते मोहिमेवरून परतले नाहीत. बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी दमयंती तांबे या त्यांच्या पत्नी. पतीचा शोध घेण्यात त्यांनी कित्येक दशके घालविली. परुळकरांची कथा तांब्यांच्या कथेवाचून सांगणे कलादृष्ट्या सोपे आहे, नैतिकदृष्ट्या ते अपुरे आहे. जी कथा सांगता येते ती परतलेल्यांची असते. न परतलेल्यांची कथा सांगणाराच नसतो. शाळकरी मुलास हे एवढे जरी उमगले, तरी पुढे तो युद्धाविषयीचा कोणताही आवेशपूर्ण मजकूर वाचताना क्षणभर थांबेल.

प्रत्यक्ष वर्गात या कथा कशा पोहोचवाव्यात, याची रीत यातूनच निघते. प्रथम नकाशा फळ्यावर यावा आणि रावळपिंडी ते तोरखम हा मार्ग मुलांनी स्वतः काढावा. लंडीकोतलपाशी कथा थांबवून ‘आता काय विचाराल?’ असे पुसावे. चित्रे एकदम न दाखविता एकेक दाखवावीत. शेवटी, उस्मान यांच्या जागी आपण असतो तर दूरध्वनीवर काय उत्तर दिले असते, हे मुलांस लिहावयास सांगावे. महाराष्ट्रात बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात, युद्धास तोंड फुटण्याच्या काही दिवस आधी सुरू झाले. सचित्र आणि सकस वाचन सरकारी खर्चाने मुलांच्या हाती देण्याची परंपरा येथे आहे. तिच्यात अशा सत्यकथांना कायमचे स्थान असावयास हरकत नाही. चंदीगडमध्ये २०२३ साली उघडलेले भारतीय हवाई दलाचे वारसा केंद्र मुलांना विमाने आणि युद्धप्रसंगांची चित्रे दाखविते. तेथे यंत्र दिसते. यंत्र पडल्यानंतर उरलेल्या माणसाची गोष्ट शब्दांनीच सांगावी लागते.

कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या फरसबंद मैदानात हुतात्मा स्मारक आणि उघडा हात हे एकाच दृष्टिक्षेपात येतात. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठी उघडा, असा त्या हाताचा अर्थ त्याच्या निर्मात्याने सांगितला होता. वाघा तेथून दूर नाही. १९७२ च्या डिसेंबरात परतलेले कैदी त्याच वाटेने पंजाबात आले, ज्या वाटेने पंचवीस वर्षांपूर्वी निर्वासितांचे तांडे आले होते. सहलीच्या बसमधून उतरलेल्या मुलास स्मारकाची गोष्ट सांगितली आणि हाताची सांगितली नाही, तर त्याला द्वेष तेवढा कळेल. हाताची सांगितली आणि स्मारकाची सांगितली नाही, तर त्याला पोकळ उपदेश तेवढा कळेल. रावळपिंडीच्या भिंतीतून बाहेर पडलेल्या तिघांची कथा या दोहोंच्या मध्ये उभी आहे. ती पूर्ण सांगावी, चुकीसह सांगावी, आणि तिच्यातील एकाही माणसाचा चेहरा पुसू नये, एवढीच सांगणाऱ्याकडून आणि चित्रकाराकडून अपेक्षा आहे.